भंडारी बसवण्णा आणि भांडाराखालच्या चिंध्या

बायबलच्या जुन्या करारात जुलमी राजाला तोंडावर सुनावणाऱ्यांची वाण नाही. मोशे फारोच्या दरबारात जाऊन माझ्या लोकांची सुटका कर असे बजावतो. नाबोथाचा द्राक्षमळा हडप करण्यासाठी खोटे साक्षीदार उभे करून त्याचा जीव घेतला जातो, तेव्हा एलीया अहाब राजाला त्याच मळ्यात गाठतो. नाथान तर फार हुशार. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवले. नाथान त्याला एका गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगतो, राजा संतापून गोष्टीतल्या श्रीमंताला शिक्षा फर्मावतो, आणि मग नाथान बोट राजाकडेच वळवतो.

हे सगळे संदेष्टे. देवाने बोलावले म्हणून बोलणारे. पण माझ्यासारख्या सरकारी खात्यातल्या कारकुनाला बायबल वाचताना वेगळाच प्रश्न पडतो. ज्याच्या घरची चूल राजाच्या पगारावर पेटते, त्याने काय करायचे? नोकरी सोडून एलीयासारखे रानात जाणे सगळ्यांना जमत नाही. मग गप्प बसणे एवढाच मार्ग उरतो का?

या प्रश्नाचे उत्तर बायबलमध्ये एका कोपऱ्यात सापडते. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात. यरुशलेमला बाबिलोनी फौजेचा वेढा पडलेला आहे. यिर्मयाचे बोलणे सरदारांना खुपते, म्हणून ते त्याला दोरांनी एका हौदात सोडतात. हौदात पाणी नाही, नुसता चिखल. म्हातारा त्यात रुततो. सिद्कीया राजा दुबळा, सरदारांना नाही म्हणायची त्याची छाती नाही. अशा वेळी राजवाड्यातला एक परदेशी चाकर, एबद-मलेख नावाचा कूशी, म्हणजे आफ्रिकेतला काळा माणूस, राजा शहराच्या वेशीत बसलेला असताना तिथे जातो आणि सांगतो की या लोकांनी केले ते वाईट केले, तो माणूस भुकेने मरेल. राजा त्याला माणसे देतो. आता पुढचा तपशील पाहा. एबद-मलेख आधी भांडाराखालच्या खोलीत जातो, तिथून जुन्या चिंध्या आणि फाटके कपडे गोळा करतो, ते दोरीने खाली सोडतो आणि यिर्मयाला सांगतो की हे काखेत घाल आणि मग दोर बांध. ओढताना दोर काचू नये म्हणून.

मला वाटते, जुलमाशी सामना आणि पीडिताला दिलासा या दोन्ही गोष्टी इतक्या थोडक्या जागेत दुसरीकडे कुठे आलेल्या नाहीत. राजासमोर एक वाक्य आणि काखेत घालायला चिंध्या. चिंध्या कुठे पडल्या आहेत हे त्यालाच ठाऊक, कारण तो राजवाड्यातला नोकर. संदेष्ट्याला भांडाराची खोली माहीत नसते.

हा एबद-मलेख डोक्यात घेऊन मी कल्याणकडे वळतो. आपण ज्याला आज बसवकल्याण म्हणतो ते.

कल्याण आणि आपण गोंयकार

बसवकल्याण हे कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. 1956 च्या भाषावार प्रांतरचनेत जुन्या हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. निलंगा, उदगीर, अहमदपूर मराठी मुलखात गेले, काही भाग आंध्रात गेला आणि कल्याण म्हैसूर राज्यात आले. तरी तिथल्या बाजारात आजही कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू एकमेकींच्या पदराला पदर लावून चालतात.

गोमंतकीय वाचकाला हे गाव लांबचे वाटेल, पण आपले त्याच्याशी जुने नाते आहे. अकराव्या शतकात चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याने आपली राजधानी मान्यखेटहून कल्याणला आणली आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ दख्खनची सूत्रे तिथून हलली. सहाव्या विक्रमादित्याच्या (1076–1126) दरबारात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली, तीच पुढे इंग्रजांच्या कोर्टांत हिंदू वारसाहक्काचा आधार झाली. याच विक्रमादित्याची मुलगी मैलळदेवी गोव्याच्या कदंबांकडे, दुसऱ्या जयकेशीला दिली होती. म्हणजे कल्याण हे आपल्या राणीचे माहेर. विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. त्याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ही ओवी लक्षात ठेवावी, पुढे ती आपल्याला राशोलला भेटणार आहे.

चालुक्यांची सत्ता ढिली पडली तेव्हा त्यांचाच मांडलिक कलचुरी बिज्जळ याने कल्याण बळकावले. हा बिज्जळ मूळचा मंगळवेढ्याकडचा. 1157 च्या आसपास तो खऱ्या अर्थाने सत्ताधीश झाला आणि 1162 मध्ये त्याने सम्राटाची बिरुदे उघडपणे लावली. तेव्हा गोव्यात मैलळदेवीचा मुलगा शिवचित्त पेर्माडिदेव राज्य करीत होता. सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद मिरवणारी त्याची नाणी प्रसिद्धच आहेत.

हिशेबनीस

बसवण्णांचा जन्म बागेवाडीच्या ब्राह्मण घरात झाला. परंपरा सांगते की लहानपणीच त्यांनी मुंजीला नकार दिला, घर सोडले आणि कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरच्या कूडलसंगमला विद्या घेतली. नंतर ते मंगळवेढ्याला आले आणि बिज्जळाच्या खजिन्यात ‘करणिक’ म्हणून लागले. करणिक म्हणजे हिशेब लिहिणारा. आजच्या भाषेत लेखा खात्यातला कारकून. तिथून चढत चढत ते भंडारी झाले, खजिन्याच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या, आणि राजाबरोबर ते कल्याणला पोहोचले.

आपण बसवण्णांची पूजा करतो तेव्हा हा भाग विसरतो. ते रानातले जोगी नव्हते. ते रोज कचेरीत जात होते. जोडीला घरी, ज्याला शरण मंडळी ‘महामने’ म्हणजे मोठे घर म्हणत, तिथे रोज पंगत उठत होती. त्या पंगतीत अल्लमप्रभू होते, अक्कमहादेवी आली होती, परीट मडिवाळ माचय्या होते, नावाडी अंबिगर चौडय्या होते, चांभार हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा होती. याच मंडळींच्या चर्चेला पुढे ‘अनुभव मंटप’ हे नाव पडले. गावात ‘परुषकट्टे’ नावाचा चौथरा दाखवतात. तिथे बसून बसवण्णा लोकांची गाऱ्हाणी ऐकत असे तिथले लोक सांगतात.

या मंडळींनी दोन शब्द रूढ केले. ‘कायक’ आणि ‘दासोह’. कायक म्हणजे आपल्या हाताचे काम, आणि कोणतेही काम दुसऱ्यापेक्षा हलके नाही. दासोह म्हणजे त्या कामातून आलेले सर्वांत वाटून खाणे. बायबल वाचणाऱ्याला इथे ओळखीचे वाटते. आमोस हा तकोवाचा मेंढपाळ आणि उंबरांची निगा राखणारा होता. पेत्र कोळी, पौल तंबू शिवणारा. देवाचा शब्द घामाचा वास असलेल्या माणसाच्या तोंडून येतो हा अनुभव दोन्हीकडे सारखा आहे. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हे भेद ख्रिस्तात मिटल्याचे सांगितले. कल्याणात लिंगधारण केलेल्याची पूर्वीची जात मिटली असे मानत.

दिलासा म्हणजे काय याचे उत्तर इथे मिळते. पाठीवर हात ठेवून बरे होईल म्हणणे हा दिलासा खरा, पण अपुरा. अस्पृश्य म्हणून वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला आपल्या पंगतीत बसवणे, त्याला बोलायला लावणे आणि त्याचे बोलणे लिहून ठेवणे हा पुढचा दिलासा. शरणांची वचने साध्या कन्नडात आहेत आणि ती परीट, नावाडी, कातडी कमावणारे, पाणी भरणाऱ्या बाया यांनीही रचलेली आहेत. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी विसाव्या शतकात गावोगावच्या मठांतून आणि घरांतून ताडपत्रांची बाडे शोधून ती छापली, 1923 मध्ये त्यांचे ‘वचनशास्त्रसार’ निघाले. नाहीतर हा ठेवा गेलाच होता.

अर्थात दरबारातल्या लोकांना हे पाहवेना. भंडारी राजाच्या पैशावर आपल्या भक्तांना जेवू घालतो अशी तक्रार राजाकडे गेली. पुराणकथा सांगतात की बिज्जळाने खजिन्याची मोजदाद करायला लावली आणि एक कवडीही कमी भरली नाही. ही कथा चमत्कार म्हणून सांगतात. मला ती ऑडिटची कथा वाटते. सत्तेशी भांडण मांडायचे असेल तर आपली वही आधी स्वच्छ हवी, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला कळते. शत्रू पहिला हात वहीवरच टाकतो. दानीएलाच्या पुस्तकात हेच आहे. दर्यावेश राजाच्या अधिकाऱ्यांनी दानीएलाच्या कारभारात खोट शोधली, ती सापडली नाही, तेव्हा त्यांनी त्याच्या प्रार्थनेवर बोट ठेवले आणि त्याला सिंहांच्या गुहेत टाकायला लावले.

एक लग्न

कल्याणात बोट ठेवायला कारण मिळाले ते एका लग्नाचे. चांभार हरळय्यांचा मुलगा शीलवंत आणि पूर्वाश्रमीचे ब्राह्मण, दरबारातले अधिकारी मधुवरस यांची मुलगी लावण्या यांचे लग्न ठरले. शरणांच्या दृष्टीने यात काही बिघडले नव्हते, दोन्ही घरे एकाच पंथाची. धर्मशास्त्राच्या दृष्टीने मात्र हा प्रतिलोम विवाह, वर्णसंकर. ज्या गावात ‘मिताक्षरा’ लिहिली गेली त्याच गावात हे घडत होते, हे विसरता येत नाही. राजावर दडपण आले. मधुवरस आणि हरळय्या यांचे डोळे काढून त्यांना हत्तीच्या पायाला बांधून गावातून फरफटत नेले, असे परंपरा सांगते.

बायबलमध्येही एक लग्न आणि एक शिरच्छेद आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने हेरोद राजाला भावाची बायको ठेवल्याबद्दल फटकारले आणि मुंडके गमावले. पण फरक नीट पाहायला हवा. योहान राजाच्या घरातल्या अनाचाराविरुद्ध बोलला. कल्याणात राजाने प्रजेच्या घरातल्या मंगल कार्यात हात घातला. माणसाने कुणाबरोबर जेवावे आणि कुणाबरोबर संसार करावा, हे तलवारीने ठरवायला निघालेला राजा जुलमी झाला म्हणून समजावे, मग त्याने आधी किती देवळे बांधलेली असोत.

बिज्जळाला नुसता राक्षस ठरवूनही भागत नाही. बसवण्णांना वर आणणारा तोच होता. तक्रारी आल्या तेव्हा लगेच शिक्षा न करता मोजदाद करणाराही तोच. सिद्कीयासारखाच तो सरदारांच्या आणि शास्त्र्यांच्या कात्रीत सापडला आणि शेवटी ज्यांचा आवाज मोठा त्यांचे त्याने ऐकले. जुलूम करायला राजा क्रूरच असावा लागतो असे नाही, भेदरलेला राजाही तेवढाच जुलूम करू शकतो. फक्त सिद्कीयाला वेशीत येऊन सांगणारा एबद-मलेख भेटला आणि त्याने ते ऐकले. बिज्जळाच्या पदरी सांगणारा भंडारी होता, त्याचे त्याने ऐकले नाही.

बसवण्णा कल्याण सोडून कूडलसंगमला गेले आणि तिथेच त्यांचे आयुष्य संपले. पुढे जगदेव आणि बोम्मय्या यांनी बिज्जळाला मारले असे शरण परंपरा सांगते, जैन परंपरेत त्याच्या अंताची हकिगत वेगळी आहे. इसवी सन 1167–68 हा तो काळ. बिज्जळाचा मुलगा सोविदेव गादीवर आला आणि शरणांची धरपकड सुरू झाली.

राजाला मारणे योग्य होते का? बायबल इथे एका बाजूने बोलत नाही. शौल राजा जिवावर उठलेला असताना तो एन-गेदीच्या गुहेत दाविदाच्या हाती सापडला. दाविदाने त्याच्या झग्याचा काठ कापला, पण त्याला हात लावला नाही. उलट येहूने अहाबाचा वंश कापून काढला, तेही संदेष्ट्याच्या शिष्याने अभिषेक केल्यावर. पण पुढे होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात याच येहूच्या घराण्याकडून इज्रेलच्या रक्तपाताचा जाब मागितलेला आहे. म्हणजे त्याच ग्रंथाने एकदा तलवार दिली आणि मग रक्ताचा हिशेबही मागितला. कल्याणात हिशेब लगेच चुकता झाला. राजा मेला, पण त्याची किंमत परीट, चांभार, कोष्टी यांनी मोजली. गिरीश कार्नाडांनी 1990 मध्ये ‘तलेदंड’ लिहिले तेव्हा हाच पेच मांडला. मंडल आणि मंदिर या दोन शब्दांनी देश तापलेला होता तेव्हाचे ते नाटक.

वाचलेले शरण वाट फुटेल तिकडे पांगले. चन्नबसवण्णांबरोबरचा मोठा जथा लढत लढत पश्चिमेला आला आणि उळवीच्या जंगलात स्थिरावला. मडिवाळ माचय्या हे या लढाईचे पुढारी. परीट घाटावरचा माणूस वचनांची बाडे राखण्यासाठी हत्यार घेतो. ही उळवी आज जोयडा तालुक्यात आहे, आपल्या सांगे-काणकोणच्या डोंगरांपासून फार दूर नाही. कल्याणची ठिणगी सह्याद्रीच्या आपल्या कडेपर्यंत येऊन पोहोचली होती.

मंगळवेढ्याचा कोठार

बसवण्णा जिथे कारकून म्हणून लागले ते मंगळवेढे पुढेही गप्प बसले नाही. तिथे गावकुसाची भिंत बांधायला धरून नेलेला चोखामेळा 1338 मध्ये भिंत कोसळून गाडला गेला. ज्यांना वेशीच्या आत जागा नाही त्यांनीच वेस बांधायची. मिसर देशात फारोच्या विटा थापणारे इस्राएली आठवावेत. कान्होपात्राही मंगळवेढ्याचीच. बीदरच्या बादशहाने तिला आणायला शिपाई पाठवले, ती विठ्ठलाच्या पायाशी गेली आणि तिथेच तिने प्राण सोडला.

आणि दामाजीपंत. बीदरच्या बादशहाचा मंगळवेढ्यातला अधिकारी. दुर्गादेवीच्या दुष्काळात लोक पटापट मरत होते आणि सरकारी कोठारे भरलेली होती. वरून हुकूम आलेला नव्हता. दामाजीने कोठारे उघडली. पुढची कथा आपण कीर्तनात ऐकलेली आहे. विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन बीदरला गेला आणि धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला. त्या कथेत देवाने कोणत्या जातीचे रूप घेतले याकडे लक्ष द्यावे. आणि पावती घेतली, हेही.

बायबलमध्ये दामाजीचा भाऊ आहे, त्याचे नाव ओबद्या. अहाब राजाच्या वाड्याचा कारभारी. ईजबेल राणी संदेष्ट्यांना मारत सुटली तेव्हा त्याने शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून दोन गुहांत लपवले आणि त्यांना भाकरी आणि पाणी पुरवले. तेव्हाही दुष्काळच होता. एलीया त्याला भेटतो आणि मी आलोय हे राजाला जाऊन सांग म्हणतो, तेव्हा ओबद्या घाबरतो. तू मध्येच नाहीसा झालास तर राजा मला मारील, अशी विनवणी करतो. मला हे घाबरणे फार जवळचे वाटते. बायबलने ते झाकलेले नाही. शंभर माणसांना वाचवणारा माणूसही घाबरतो, आणि घाबरत घाबरत का होईना, निरोप घेऊन जातो.

हा ग्रंथ आपल्याकडे कसा आला

आता गोव्याकडे. कारण गोव्यातल्या माणसाने बायबलमधून जुलमाविरुद्धचे मार्गदर्शन शोधायचे म्हटले तर एक अडचण वाटेत येते. हा ग्रंथ आपल्याकडे आला तो फिरंग्यांच्या जहाजातून, आणि 1560 पासून 1812 पर्यंत मधली थोडी वर्षे सोडून इथे इन्क्विझिशनही होते.

1583 च्या जुलैत कुंकळ्ळीत देवळे मोडण्याच्या रागातून पाच जेझुइट आणि त्यांचे काही सोबती मारले गेले. त्यावर पोर्तुगिजांनी तिथल्या गांवकारांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि सोळांपैकी पंधरा जणांना ठार केले. एकाने नदीत उडी घेऊन जीव वाचवला. त्या वेळी सासष्टीत काम करणारा इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स याने मारलेल्या जेझुइटांची प्रेते ताब्यात घेऊन पुरली. याच माणसाने पुढे ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. 1616 मध्ये ते राशोलला छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्या, रोमी लिपीत आणि मराठी भाषेत. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे हिरावून घेतलेली होती आणि त्यांना गायला, ऐकायला काही उरले नव्हते. त्या पोकळीतून हा ग्रंथ झाला. कल्याणच्या राजाने नोंदवलेली कांडणाची ओवी चारशे-पाचशे वर्षांनी सासष्टीत मोशेची कथा सांगू लागली.

ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनीच लोकांच्या हाती मोशे दिला, हा यातला विरोधाभास. रोमकरांच्या पत्रातला तेरावा अध्याय, सत्ता देवाने नेमलेली असते म्हणून तिच्या अधीन राहा असे सांगणारा, जगभरच्या सरकारांचा लाडका. पण त्याच ग्रंथात प्रेषितांची कृत्येही आहेत, जिथे पेत्र न्यायसभेला सांगतो की माणसांपेक्षा देवाचे ऐकणे भाग आहे. आणि निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. मुलगा जन्मला की मारा हा फारोचा हुकूम त्या पाळत नाहीत आणि विचारल्यावर राजाच्या तोंडावर थाप मारतात. मुले जगतात. फारोचे नाव बायबलने दिलेले नाही, सुइणींची दिलेली आहेत.

एकदा ग्रंथ लोकांच्या भाषेत आला की त्यातला कोणता अध्याय वाचायचा हे सरकार ठरवू शकत नाही. कदाचित म्हणूनच 1684 मध्ये व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटने स्थानिक भाषाच तीन वर्षांत सोडून द्यायचा हुकूम काढला. तो कागदावर राहिला. 1787 मध्ये कांदोळीच्या पिंटोंच्या घराभोवती जे बंड शिजले त्यात पाद्री होते आणि पोर्तुगीज फौजेतले गोमंतकीय अधिकारीही होते. म्हणजे देवाचे चाकर आणि राजाचे चाकर दोघेही. पंधरा जणांना 1788 मध्ये देहान्त शासन झाले. आणि फेब्रुवारी 1954 मध्ये म्हापशाचे डॉक्टर पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीत बसलेले असताना कुणीतरी गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे भाषणात म्हणाले, तेव्हा डॉक्टरांनी आपला निषेध एका वाक्यात नोंदवला. तेवढ्यासाठी त्यांना पकडून लिस्बनला नेले. एबद-मलेखाचेही एकच वाक्य होते.

तीन कामे

जर्मन पाद्री डीट्रिख बोनहॉफर याने 1933 मध्ये, हिटलर सत्तेवर आल्याबरोबर, एका निबंधात ख्रिस्ती मंडळीची तीन कामे सांगितली. पहिले, सरकारला विचारायचे की तू करतोस ते सरकारला शोभते का. दुसरे, चाकाखाली सापडलेल्यांची शुश्रूषा करायची, मग ते आपल्या धर्माचे असोत वा नसोत. तिसरे, वेळ आलीच तर चाकालाच खीळ घालायची. तो पुढे लष्करी हेरखात्यात नोकरीला राहिला, त्या आडून ज्यू माणसांना देशाबाहेर काढण्यात आणि हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाला. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी दिले.

ही तीन कामे कल्याणच्या हकिगतीला लावून पाहिली तर बरेच काही उलगडते. बसवण्णांनी पहिले आणि दुसरे काम आयुष्यभर केले, तिसरे जगदेव-बोम्मय्यांनी केले. आठशे-साडेआठशे वर्षांनंतर कुणाचे काय टिकले? बिज्जळाला मारल्याने एक राजा गेला आणि त्याचा मुलगा आला. पंगत मात्र टिकली. वचने टिकली. हरळय्यांचे नाव टिकले. येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाचे पुस्तक उघडले तेव्हा दोन्ही कामे एकत्र वाचली, दीनांना सुवार्ता आणि बंदिवानांना सुटका. सुटका नसलेली सुवार्ता पोकळ. पण पंगत नसलेली सुटकाही फार दिवस टिकत नाही, हे कल्याण शिकवते.

आज बसवकल्याणात बसवण्णांचा 108 फुटी पुतळा आहे. नव्या भव्य अनुभव मंटपाची पायाभरणी 2021 मध्ये झाली आणि जानेवारी 2024 मध्ये कर्नाटक सरकारने बसवण्णांना राज्याचा सांस्कृतिक नायक म्हणून घोषित केले. चांगलेच झाले. ज्याच्यामागे एका सरकारने मोजदाद लावली त्याचा दुसऱ्या सरकारने गौरव केला. पण हरळय्या आणि मधुवरस यांचा गुन्हा अजून पूर्ण माफ झालेला नाही. जातीबाहेर लग्न केले म्हणून मुलामुलींचे जीव घेतल्याच्या बातम्या महाराष्ट्रातूनही येतात आणि कर्नाटकातूनही. आपल्या गोव्यात जीव घेत नसतील, पण मुलाची पत्रिका बघण्याआधी जात बघतात, आणि धर्म बदलून चारशे वर्षे झालेल्या घरांतही बघतात. तिथे बिज्जळ लागत नाही, आपणच पुरतो.

एबद-मलेखाला त्याच्या कामाचे काय मिळाले? यिर्मयाच्या पुस्तकात लिहिले आहे की शहर पडले तेव्हा त्याचा जीव वाचला. बढती मिळाल्याचे लिहिलेले नाही. प्रत्येक कचेरीत अशी एक खोली असते जिथे जुन्या चिंध्या पडलेल्या असतात, आणि ती कुठे आहे हे साहेबाला माहीत नसते. ते तिथल्या नोकरांना माहीत असते. दामाजीला कोठाराची किल्ली कुठे ते माहीत होते, बसवण्णांना भांडाराची. त्यांनी ती कुणासाठी फिरवली, एवढेच शेवटी लोकांनी लक्षात ठेवले.